गायींना रेबीजची लस द्यायची का? आमच्या गोठ्यात हे कसं ठरलं

लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, कालवडींना ब्रुसेला. आमच्या गोठ्याच्या वहीत प्रत्येक जनावराच्या नावापुढे या लसींच्या तारखा असतात. रेबीजचा रकाना त्या वहीत गेल्या वर्षापर्यंत नव्हता. फलटण तालुक्यातल्या आमच्या भागात तो फारसा कुणाच्याच वहीत नसेल. कुत्रं माणसाला चावलं की दवाखाना गाठायचा, एवढं आता लहान पोरांनाही माहीत आहे. गायीला चावलं तर काय, याचा विचार चावल्यावरच सुरू होतो, आणि चावलेलं कळलंच नाही तर होतच नाही. आम्हाला तो करावा लागला शेजारच्या गोठ्यामुळे. कोण काय म्हणालं, कुठल्या मुद्द्यावर अडलं आणि शेवटी काय ठरवलं ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण वस्तीवरच्या आणि माहेरच्याही बऱ्याच जणी मला हेच विचारत असतात.

आमचा गोठा मुक्त पद्धतीचा. अकरा दुभत्या एच.एफ. संकरित गायी, चार कालवडी, दोन लहान वासरं आणि पाच शेळ्या. नवरा बारामतीला कंपनीत असतो, त्यामुळे धारा, वैरण, डेअरीला दूध घालणं हे मी, आत्या आणि मामा, म्हणजे माझे सासू-सासरे, असं तिघं बघतो. कुंपणापलीकडे चुलत दिरांचा गोठा. मधली जाळी कुत्र्याला वाकून आत यायला भरपूर उंचावर आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

भाऊजींची एक गाय महिनाभरापूर्वी व्यायलेली. एका संध्याकाळी तिनं पेंड सोडली आणि दूध एकदम निम्म्यावर आलं. ताज्या व्यायलेल्या गायीचं असं झालं की आधी किटोसिस आठवतो, म्हणजे व्याल्यावर अंगात ताकद कमी पडून होणारा आजार, नाहीतर तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप. खाजगी डॉक्टरांनी सलाइन, कॅल्शियम, ग्लुकोज दिलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ गळायला लागली, गिळताना मान ताणायला लागली. उसाचं वाढं घशात अडकलं असणार असं सगळ्यांनाच वाटलं, कारण तसं होतंही. भाऊजींनी आणि पुतण्यानं तोंड उघडून कोपरापर्यंत हात घातला, चाचपून बघितलं. काही हाताला लागलं नाही.

मग तिचा आवाज बदलला. हे ज्यानं ऐकलंय तो विसरत नाही. गाय सारखी हंबरत होती, पण आवाज बसका, घोगरा, मध्येच तुटणारा. वासरासाठी हंबरणं वेगळं आणि हे वेगळं. शेण टाकायला बसल्यासारखी कुंथायची, पण पडायचं काही नाही. शेपटी ढिली पडली. चालताना मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. कुणाच्या अंगावर आली नाही, दावं तोडलं नाही. पिसाळलेलं जनावर म्हणजे धावून येणारं, असं आम्ही धरून चाललेलो असतो. गायीगुरांत पुष्कळदा हा आजार असा मुका, लुळा पाडत जाणारा असतो. म्हणून तर माणसं बिनधास्त तोंडात हात घालतात.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम आल्या त्या दारातच थांबल्या. आत जाण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हिला कधी कुत्रं चावलं होतं का?” कुणाला आठवेना. मग पुतण्या म्हणाला की दिवाळीच्या सुमारास एक अनोळखी कुत्रं वस्तीतून पळत गेलं होतं, वाटेतल्या दोन कुत्र्यांना चावलं होतं आणि त्याच सकाळी हिच्या नाकाडावर ओरखडा दिसला होता. हळद लावली, चार दिवसांत खपली धरली. त्याला आता दीड महिना होऊन गेलेला. मॅडमचा चेहरा तिथंच उतरला. “आता हिच्याजवळ कुणी जायचं नाही. वासरू लगेच वेगळं बांधा. आणि गेल्या काही दिवसांत कुणी कुणी हात लावला, धार कुणी काढली, कच्चं दूध कुणी प्यायलं, ते मला एकेक करून सांगा.”

लक्षणं दिसल्यावर या आजाराला औषध नाही. लसही तेव्हा उपयोगाची नाही. दोन दिवसांनी गाय गेली.

खात्री मेल्यानंतरच होते, कारण तपासणी मेंदूची करावी लागते. मॅडमनी हातमोजे, चष्मा, तोंडावर पारदर्शक ढाल असं सगळं घालून कवटीच्या मागच्या छिद्रातून मेंदूचा नमुना काढला. त्यांनी स्वतः आधीच रेबीजची लस घेतलेली होती, त्यांच्या कामात ती घ्यावीच लागते. नमुना बर्फात, एकात एक अशा बंद डब्यांत घालून पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला. जेसीबीनं खोल खड्डा काढून चुना टाकून गाय पुरली. कातडं काढू दिलं नाही. रेबीज २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यातल्या यादीत आहे, तेव्हा हे झाकून ठेवायचं नसतं, कळवायचं असतं, हेही मॅडमनी भाऊजींना समजावून सांगितलं. अहवाल रेबीजचाच आला.

माणसांसाठी अहवालाची वाट बघितली नव्हती, ते बरं झालं. भाऊजींचे आणि पुतण्याचे हात उसाच्या पात्यांनी कापलेले होते. ऊस करणाऱ्याचे हात हंगामात कधी धड नसतातच. त्या बारीक बारीक चिरांवर लाळ लागली म्हणजे ती तिसऱ्या श्रेणीची बाधा, म्हणजे चावल्याइतकीच गंभीर. त्यांना रुग्णालयात जखमांभोवती सिरम, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, आणि दंडात लस असं दोन्ही मिळालं. पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस. जाऊबाईंच्या हाताला चीर नव्हती, पण गायीचं तोंड पुसताना लाळ डोळ्यात उडाली का, हे त्यांना नक्की सांगता येईना, म्हणून त्यांनाही पूर्ण उपचार झाले. ज्यांनी चहातून दूध घेतलं होतं त्यांना मात्र काही लागलं नाही, कारण उकळलेल्या दुधात हा विषाणू तग धरत नाही. डेअरीचं दूधही पाश्चराइझ होतं. हे कळेपर्यंत आख्ख्या वस्तीचा जीव टांगणीला होता. म्हाताऱ्या माणसांना पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आठवत होती. ती जुन्या पद्धतीची लस आपल्या देशात २००४ सालीच बंद झाली, आताची दंडात घेतात आणि फारशी दुखत नाही, हे मी निदान वीस जणांना तरी सांगितलं असेन.

आता आमचा गोठा.

जाळीच्या त्या बाजूला आमच्या कालवडी असतात. मॅडमनी एकेकीला पकडून नाक, ओठ, कान, मागचे पाय बघितले. कुत्रं समोर आलं की गाय पळत नाही, मान खाली घालून हुंगायला जाते, म्हणून चावा बहुतेक वेळा नाकाडावर किंवा ओठावर होतो. एका कालवडीच्या ओठाच्या कडेला भरून आलेला जुना व्रण होता. तो काटेरी तारेचाही असू शकत होता. आम्ही तिघंही आठवून आठवून थकलो. मॅडम म्हणाल्या, “माहीत नाही म्हणजे चावलं असंच धरायचं.”

चावलेल्या जनावराला लसीचा पूर्ण कोर्स असतो. पहिल्या दिवसाला शून्य धरून तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा आणि मग नव्वदावा दिवस. ताजा चावा असेल तर त्याआधी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, पोव्हिडोन आयोडीन लावायचं, टाके घालायचे नाहीत. तिखट, चुना, डिझेल असलं काही लावायचं नाही. आमच्या कालवडीच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती. मग आता लस देऊन उपयोग काय, असं मी विचारलं. उत्तर सरळ मिळालं. विषाणू चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूंतून मेंदूकडे हळूहळू सरकतो, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तो मेंदूत पोचलेला नसेल तर लस अजूनही त्याला अडवू शकते. हमी मात्र नाही.

कोर्स सुरू केला. भाऊजींच्या वासरालाही, कारण आई त्याला सारखी चाटत होती. कालवड वेगळी बांधली, वैरण-पाणी फक्त मी द्यायची आणि हातमोजे घालून. रोज सकाळी गेल्यावर आधी ती खाते का आणि तिचा आवाज कसा येतो, एवढंच बघायची. एकदा ती ठसकली तर माझ्या हातातली पाटी खाली पडली. आत्यांनी तर तिच्या नावानं सोमवार धरले. ती नीट राहिली, पुढे गाभण राहिली. लसीमुळे वाचली की मुळात चावा नव्हताच, हे कधीही कळणार नाही.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न आला. उरलेल्या धडधाकट जनावरांना आधीच लस टोचून ठेवायची का?

मामांचं मत स्पष्ट होतं. “अगं, पन्नास वर्षं गुरं सांभाळली. पिसाळलेली गाय ही धरून दोनदा बघितली. ज्याला चावलं त्याला टोच, बाकीच्यांना कशाला? एका गायीचं दुसरीला लागतं का?” त्यांना वाटलं होतं मॅडम माझ्या बाजूनं बोलतील. पण मॅडम म्हणाल्या, “मामा बरोबर बोलतायत.” गायीकडून गायीला हा आजार सहसा जात नाही. कुत्रं गायीला देतं आणि गायीपाशी साखळी संपते. म्हणून गावातल्या सगळ्या गायी टोचल्या तरी गावातला रेबीज त्यामुळे कमी होत नाही. तो कमी होतो कुत्री टोचली तर. लाळ्या-खुरकुताचं तसं नाही. तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात वणव्यासारखा जातो, म्हणून त्याची लस सरकार घरोघर येऊन देतं आणि ती सगळ्यांनी घेतली तरच फायदा. रेबीजची गायीची लस ही ज्याची त्यानं आपल्या गोठ्यापुरती ठरवायची गोष्ट आहे.

हे ऐकून मी जरा खचले होते. पण त्याच बोलण्यात मला माझा मुद्दा सापडला. मामांचं सगळं गणित “ज्याला चावलं त्याला” या शब्दांवर उभं होतं. चावलंय हे कळणार कसं? भाऊजींच्या गायीच्या नाकावरचा ओरखडा दिसूनही कुणाला शंका आली नव्हती. आमच्या कालवडीचा व्रण तर कुणी बघितलाच नव्हता. आमची जनावरं रात्री मोकळी असतात, अंधारात कुठून काय येतं ते कोण बघणार. दावणीला, बंद गोठ्यात, माणसाच्या नजरेसमोर असलेल्या जनावराचं वेगळं. चाव्यानंतरची लस चांगलीच आहे, पण ती चावा दिसलेल्या जनावरासाठी. न दिसलेल्या चाव्यावर आधी दिलेल्या लसीशिवाय काही नाही.

दुसरा मुद्दा माणसांचा. दुभत्या गायीला दिवसातून दोनदा हात लागतात. ती आजारी पडली की पहिल्यांदा आपणच जवळ जातो, नाळ्यानं औषध पाजतो, तोंड उघडतो. शेळीला तर मांडीवर घेऊन पाजतात, माझी मुलगी करडांना तोंडाशी धरून खेळवते. गाय गेली तर ऐंशी हजार, लाख रुपये जातात, विमा असेल तर काही परतही येतात. पुतण्या सिरम घेऊन आल्यावर त्याची आई त्या रात्री कशी बसली होती, ते मी बघितलं होतं. मामांना मी पैशाचं नंतर सांगितलं, हे आधी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण नको म्हणायचं त्यांनी तिथून पुढे बंद केलं.

मग आत्यांच्या शंका. त्या जास्त कामाच्या होत्या, कारण धारा त्या काढतात. दूध आटेल का? गाभण गायी गाभडतील का? आधीच्या लसींनंतर दोन दिवस दूध कमी झालेलं त्यांनी बघितलं होतं आणि ते खोटं नाही. मॅडमनी सांगितलं की ही लस मारलेल्या विषाणूची आहे, तिच्यातून रेबीज होऊच शकत नाही, गाभण जनावरालाही चालते. टोचलेल्या जागी थोडी सूज, एखाद्या दिवसाचा कंटाळा येऊ शकतो. दूध ओतून द्यावं लागत नाही. गाभण गायींना धोका असतो तो धरपकडीचा, पळवापळवीचा. म्हणून शेवटच्या महिन्यातल्या दोन गायी आम्ही व्याल्यानंतर टोचायच्या ठरवल्या. तीन महिन्यांखालची वासरं वगळली. लाळ्या-खुरकुताची मोहीम नुकतीच झालेली, म्हणून मध्ये तीन आठवडे जाऊ दिले आणि तेवढ्यात जंताचं औषध पाजून घेतलं.

पैशाचा हिशोब सांगते, कारण तो सगळेच विचारतात. आमच्याकडे ही लस घरपोच मोफत येणाऱ्या लसींत नाही, औषधाच्या दुकानातून आणावी लागली. ती एकेका मात्रेच्या बाटलीत मिळते आणि दहा मात्रांच्या बाटलीतही. मोठ्या बाटलीत मात्रा स्वस्त पडते, पण एकदा सुई घातली की त्याच दिवशी संपवावी लागते. दोन गायींच्या माणसानं ती आणली तर उरलेली वाया. म्हणून भाऊजी, आम्ही आणि ओढ्यापलीकडचं एक घर अशी जनावरं मोजून बाटल्या आणल्या. एका गायीच्या एका दिवसाच्या दुधाच्या पैशातून तिची वर्षाची मात्रा निघाली आणि वर काही उरलंही. हा आकडा ऐकून मामा म्हणाले, “एवढंच होतं तर एवढी चर्चा कशाला केली?” पण चर्चा पैशाची नव्हतीच. आणि ही लस एकदा देऊन भागत नाही, दर वर्षी द्यावी लागते. एक वर्ष उत्साहात देऊन पुढे विसरणार असू तर न दिलेली बरी, असं माझं ठाम मत आहे, कारण मग आपण उगाच निर्धास्त राहतो.

लस दोन ते आठ अंश थंडाव्यात राहिली पाहिजे. गोठली तरी खराब होते. आमच्याकडे बर्फाच्या कप्प्यात ठेवायची सवय फार लोकांना आहे, थंड म्हणजे चांगलं असं वाटतं. तसं नाही. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची आणि दाराच्या खणात ठेवायची नाही, कारण दार सारखं उघडतं. दुकानातून आणताना थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या घातल्या आणि बाटल्या कागदात गुंडाळून ठेवल्या, म्हणजे बर्फ थेट लागत नाही. दुकानदाराला वीज गेल्यावर फ्रीजचं काय करता, हेही विचारून घेतलं. त्यानं इन्व्हर्टर दाखवला.

टोचण्याचा दिवस सोपा गेला. सकाळच्या धारा झाल्यावर, ऊन चढायच्या आत, एकेक गाय खोड्यात घेऊन मानेत एकेक मिली. प्रत्येक जनावराला नवी सुई. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, तारीख, बाटलीचा बॅच क्रमांक असं मी वहीत लिहीत गेले. दोन गायींना गुठळी आली, आठवड्यात बसली. दूध त्या दिवशी किंचित उतरलं, दुसऱ्या दिवशी जागेवर. लस दिली म्हणजे विषय संपला असं नाही, हे मॅडमनी जाताना परत बजावलं. टोचलेल्या जनावराला चावा झालेला दिसला तर जखम धुवायचीच आणि पुन्हा मात्रा द्यायचीच, फक्त त्या कमी लागतात.

यापेक्षा जास्त वेळ आणि जास्त कष्ट कुत्र्यांवर गेले. कुणी मला विचारलं की हातात थोडेच पैसे आहेत, कुठं घालू, तर मी डोळे झाकून कुत्र्यांच्या लसीवर घाल म्हणेन. आपल्याकडे माणसांना आणि जनावरांना रेबीज होतो तो जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळे. एखाद्या भागातली १०० पैकी ७० कुत्री टोचलेली असली तर त्यांच्यातली साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्यात २०१४ पासून घरोघर, गल्लोगल्ली फिरून कुत्री टोचली. २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आपल्या शेजारचं राज्य आहे, त्यांना जमलं. केंद्र सरकारनं २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं ठरवून २८ सप्टेंबर २०२१ ला, रेबीज दिनाला, आराखडाही जाहीर केला आहे. पण आराखडा कागदावर असतो आणि कुत्रं ओढ्यात असतं. त्याला धरायला ओळखीचा माणूसच लागतो.

आमची दोन कुत्री, भाऊजींचं एक, ही पहिल्याच दिवशी झाली. मग वस्तीवरची मोकाट. मोकाट म्हणतो, पण प्रत्येकाला कुणी ना कुणी भाकरी घालतंच. कुठलं कुत्रं कुणाच्या हाकेला येतं हे शाळेतल्या पोरांना पाठ होतं. त्यांनी यादी केली, रंगासकट. पोरांना धरायला जाऊ दिलं नाही. भाकरी घालणाऱ्या बायकांनी बोलावलं, मॅडमच्या माणसांनी जाळीनं धरलं, टोचलं, गळ्यात रंगीत पट्टी बांधून सोडलं. ग्रामपंचायतीत आम्ही बायकांनी जाऊन मांडलं आणि पंचायतीनं लसीचा खर्च उचलला. दोन लबाड कुत्री अजूनही हाताला लागलेली नाहीत.

पण आमच्या भागाची खरी अडचण पुढे आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर कुत्री येतात. ऊस गेल्यावर रानात मेंढ्या बसवतो, तेव्हा मेंढपाळांची राखणीची कुत्री येतात. त्यातली काही टोळी गेल्यावर मागेच राहतात. त्यांना हाकलून किंवा मारून काही होत नाही, रिकाम्या जागी दुसरी येतात, तीही न टोचलेली. यंदा आम्ही टोळीच्या मुकादमाशी आधी बोललो. पहिल्यांदा त्याला वाटलं आम्ही कुत्री मारायचं म्हणतोय. तसं नाही, फुकट लस देतोय, हे कळल्यावर त्यानं स्वतः सगळी कुत्री कोप्यांपाशी बांधून ठेवली. मेंढपाळ आजोबा तर म्हणाले की त्यांच्या तीन मेंढ्या अशाच कुंथून, लाळ गाळून गेल्या होत्या, कुणी कारण सांगितलं नव्हतं. मेंढ्या बसवायला आले की आधी कुत्री टोचायची, असा आता आमच्या चार-पाच घरांचा नेम आहे.

आमच्या वहीत आता रेबीजचा रकाना आहे. बाजारातून नवी गाय आणली की तिला आठवडाभर वेगळं बांधतो, अंगभर बघतो आणि मग तोही रकाना भरतो. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हातमोज्याशिवाय हात घालायचा नाही, हे मामांनी गोठ्याच्या खांबावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पुसट झालं की तेच परत गिरवतात.

परवा माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्याकडे एकच म्हैस, घराला लागून बंद गोठ्यात, रात्री दार लावतात. दारात एक कुत्रा आहे, गल्लीभर फिरणारा, आणि त्याला आजवर एकही सुई लागलेली नाही. “वहिनी, म्हशीला टोचू का?” मी तिला म्हटलं, आधी कुत्र्याला टोच, या आठवड्यात, आणि गल्लीतल्या बाकीच्यांनाही विचार, मोठी बाटली वाटून घेता येईल. म्हशीला रोज धारेच्या वेळी नाक-तोंड बघत जा. तिनं आणि शेजारच्या तीन घरांनी मिळून सात कुत्री टोचून घेतली. बाटलीत मात्रा उरल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणलीच आहे तर म्हशीलाही देऊन टाकू. दिली.